अमेरिकेचा महिला बास्केटबॉल संघ पहिल्यापासून अजिंक्य नव्हता

तुम्ही विचारलंय की १९९२ नंतर ऑलिम्पिकमध्ये एकही सामना न हरलेला अमेरिकेचा महिला संघ पहिल्यापासूनच एवढा भारी होता का, आणि त्यांना कुणी हरवू शकेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. दुसऱ्याकडे शेवटी येते.

१९५३ साली चिलीत पहिली महिला विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती अमेरिकेने जिंकली, १९५७ ची पण जिंकली. पुढची वीसेक वर्षं मात्र सोव्हिएत संघाने कुणाला डोकं वर काढू दिलं नाही. १९५९ ते १९७५ मधल्या पाचही विश्व अजिंक्यपद स्पर्धा त्यांच्या. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याकडे उलियाना सेम्योनोव्हा होती, लाटव्हियाची सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी खेळाडू. बचाव करणाऱ्यांच्या हातांवरून तिच्याकडे उंच पास यायचा, ती हात वर करून तो झेलायची आणि फारशी उडी न मारता बास्केटमध्ये टाकायची. समोरच्या संघाला त्यावर उपायच सापडत नव्हता.

महिला बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आलं ते १९७६ ला, माँट्रियलमध्ये. सहाच संघ होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, वेगळी फायनल नव्हती. ऑलिम्पिकच्या इतिहासातली पहिली महिला बास्केट अमेरिकेच्या लुसिया हॅरिसची, पण तो सामना अमेरिकेचा संघ जपानकडून हरला. पुढे सोव्हिएत संघाने त्यांना ११२-७७ असं धुतलं. तरीही रौप्य मिळालं.

चित्र पालटायला लागलं ते अमेरिकेतल्या १९७२ च्या एका कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला त्याने मनाई केली. कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. त्याची फळं ऐंशीच्या दशकात दिसली. १९८४ चं लॉस एंजेलिसचं सुवर्ण सगळ्यांना आठवतं, पण तिथे सोव्हिएत संघ आलाच नव्हता. माझ्या मते खरी कसोटी १९८६ ची विश्व अजिंक्यपद स्पर्धा. खुद्द मॉस्कोत, सोव्हिएत प्रेक्षकांसमोर अमेरिकेने फायनल १०८-८८ अशी जिंकली. १९८८ ला सोलमध्ये पुन्हा सुवर्ण.

आणि मग घसरण, जी बहुतेक लोक विसरतात. १९९२ ला बार्सिलोनात उपांत्य फेरीत माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाने त्यांना ७९-७३ असं हरवलं. १९९४ ला विश्व अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत ब्राझीलने, ११०-१०७. हॉर्तेन्सिया आणि पाउला या जोडीचा तो ब्राझील, जगज्जेता ठरला. दोन्ही वेळा अमेरिकेच्या हाती कांस्य. गुणवत्ता कमी नव्हती. पण कॉलेज संपलं की देशात टिकाऊ व्यावसायिक लीगच नव्हती. कुणी इटलीत खेळायची, कुणी जपानमध्ये, आणि स्पर्धेच्या तोंडावर काही आठवड्यांसाठी सगळ्या एकत्र यायच्या. समोरचे संघ वर्षानुवर्षं एकत्र खेळलेले.

म्हणूनच या संघाचा इतिहास १९९५ मध्ये वळतो, असं मी ठामपणे म्हणेन. अटलांटा ऑलिम्पिक घरच्या मैदानावर होतं आणि तिसरं कांस्य परवडणारं नव्हतं. तेव्हा प्रथमच पगार देऊन वर्षभरासाठी कायमचा संघ बांधला गेला. प्रशिक्षक तारा व्हॅनडर्व्हिअर त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातून वर्षभर बाजूला झाल्या. टेरेसा एडवर्ड्स, लिसा लेस्ली, शेरिल स्वूप्स, डॉन स्टेली अशा खेळाडू महिनोन् महिने एकत्र राहिल्या, रशिया, युक्रेन, चीन, ऑस्ट्रेलिया असा दौरा केला. सरावाचे ५२ सामने, ५२ विजय. अटलांटात आणखी आठ. फायनलला समोर तोच ब्राझील. १११-८७, लेस्लीचे २९ गुण.

त्या वर्षाचं मोल फक्त एका सुवर्णाएवढं नाही. महिलांचं बास्केटबॉल बघायला लोक येतात हे त्यातून दिसलं आणि १९९७ ला डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. मायदेशात रोजीरोटी मिळायला लागली म्हणून डायना तौरासी, सू बर्डसारख्या खेळाडू दोन-दोन दशकं टिकल्या. तौरासीची सहा ऑलिम्पिक सुवर्णं आहेत, बर्डची पाच.

आता दुसरा प्रश्न. हो, हरवू शकतात. २००६ च्या विश्व अजिंक्यपद उपांत्य फेरीत रशियाने हरवलंच होतं. आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये फ्रान्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये दहा गुणांनी पुढे होता. एजा विल्सनने २१ गुण आणि १३ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचे झेललेले चेंडू) घेत अमेरिकेला सामन्यात ठेवलं. शेवटच्या क्षणी अमेरिकेची तीन गुणांची आघाडी उरली असताना फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने बजरच्या ठोक्याला चेंडू बास्केटमध्ये घातला, पण तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता, आणि तीन गुण मिळायला पाय रेषेबाहेर लागतो. दोनच गुण मिळाले. ६७-६६. सलग ६१ वा ऑलिम्पिक विजय आणि सलग आठवं सुवर्ण, तेही पावलाच्या फरकाने.

ही विल्यम्स अमेरिकेतच जन्मलेली, कनेक्टिकट विद्यापीठात घडलेली, डब्ल्यूएनबीएत खेळणारी, आईकडून फ्रेंच. ज्या व्यवस्थेने अमेरिकेला पुढे नेलं, त्याच व्यवस्थेत आता फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूही तयार होतात. त्यामुळे २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये फायनल एकतर्फी होईल असं मी तरी धरून चालणार नाही.