निपाणीला मसाल्याचा डबा पाठवला तर जीएसटी लागतो का?

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन विक्री, टॅक्स आणि कागदपत्रं

प्रश्न : मी सात वर्षं घरी कांदा-लसूण मसाला आणि लोणची करून विकते. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, वर्षाला पाच-सहा लाखांची विक्री होते. गिऱ्हाईकं जास्त करून कोल्हापूर-सांगलीची, पण निपाणी-बेळगावला पण दर महिन्याला डबे जातात कुरिअरने. आता सूनबाई म्हणते मोठ्या साइटवर टाकूया. कुणी सांगतं ४० लाखांपर्यंत काही लागत नाही, कुणी सांगतं पहिल्या डब्यापासून जीएसटी. घर सासूबाईंच्या नावावर आहे. काय करू? — एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, दोघंही अर्धं अर्धं बरोबर सांगतायत, म्हणूनच एवढा गोंधळ होतो. ४० लाखांची मर्यादा खरी आहे, महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ती लागू आहे, पण ती राज्याच्या आत विकणाऱ्यासाठी. टॅक्स लागणारा माल राज्याबाहेर विकला की विक्री कितीही असो, जीएसटी नंबर घ्यावा लागतो. आणि निपाणी आपल्याला कितीही जवळची वाटली, तिकडं मराठीच बोलत असले तरी कायद्याच्या हिशोबात ते कर्नाटक. म्हणजे तुमचा प्रश्न साइटवर गेल्यावर सुरू होणार नाहीये, तो बेळगावच्या पहिल्या विकलेल्या डब्यापासूनच सुरू झालाय. घाबरू नका, पण आता लांबवू पण नका. (मुलीला किंवा बहिणीला घरचा म्हणून पाठवलेला डबा यात नाही, पैसे घेऊन पाठवलेला यात येतो.)

साइटवरून विकायचं तर आधी नियम असा होता की एक रुपयाची विक्री असली तरी नंबर पाहिजेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली, विक्री मर्यादेच्या आत आणि सगळा माल आपल्याच राज्यात जाणार असेल तर पॅनवरून जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फक्त एनरोलमेंट नंबर काढायचा आणि त्यावर विकायचं. पण यात राज्याबाहेर एक पण डबा पाठवता येत नाही. तुमची बेळगावची गिऱ्हाईकं सोडायची नसतील, आणि मी तर म्हणेन सोडू नका, इतक्या वर्षांची माणसं आहेत, तर सरळ जीएसटी नंबर घ्या. मसाला आणि लोणचं दोन्हीवर ५ टक्के आहे. सरकारी फी शून्य, जे काही पैसे जातात ते भरून देणाऱ्याचे. घर सासूबाईंच्या नावावर आहे त्याची काळजी नको, त्यांचं संमतीपत्र आणि लाइट बिल जोडायचं, शिवाय तुमचं पॅन, आधार आणि बँकेचे डिटेल्स.

नंबर आला की महाराष्ट्रात व्यवसाय कर पण येतो, ज्याला पीटीईसी म्हणतात, वर्षाला २,५०० रुपये. हे कुणी सांगत नाही आणि मग चार-पाच वर्षांचं व्याजासकट एकदम भरायला लागतं. गुमास्ता (दुकानाची नोंदणी) म्हणाल तर कामाला माणसं नसतील किंवा दोन-चारच असतील तर ऑनलाइन इंटिमेशन दिलं की झालं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची) सरकारी साइटवर फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या साइट हजार-दोन हजार मागतात, त्यांना देऊ नका.

आता पाकिटाबद्दल बोलतो, कारण टॅक्सपेक्षा घरगुती धंदे इथंच जास्त अडकतात. खाण्याची वस्तू विकताय म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागतेच, व्हॉट्सअ‍ॅपवर विकली तरी. त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा, सोबत हिरवा शाकाहारी ठिपका, त्यात काय काय घातलंय ते, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, निव्वळ वजन, सगळे कर धरून एमआरपी, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर. यातलं बरंचसं साइटच्या पानावर पण दिसायला हवं. आगाऊ वजन करून पाकिटं भरायची तर वजनमापे खात्याकडं पॅकर म्हणून नोंदणी करायची. आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा यासाठी चालत नाही, खात्याचा शिक्का असलेला काटा लागतो. एमआरपी ठरवताना साइटचं कमिशन आधीच धरा, कारण पाकिटावर २४० छापलं की नंतर २६० ला विकता येत नाही.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. कोल्हापूरच्या कारागिरांकडून चपला घेऊन ऑनलाइन साइटवर विकायला सुरुवात केली, जीएसटी नंबर आहे. मित्र म्हणतो बँकेत जेवढे जमा होतात तेवढीच विक्री दाखवायची. बरोबर का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, अजिबात नाही, आणि ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आकड्यातच मांडतो. समजा चप्पल १,०५० ला बंगळूरला गेली. जोड २,५०० पर्यंतचा असेल तर ५ टक्के, म्हणजे १,००० किंमत आणि ५० जीएसटी. साइटने कमिशन-शिपिंगचे २०० आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३६ असे २३६ कापले, टीसीएस (साइट तुमच्या नावाने सरकारला आधीच भरते तो जीएसटी) म्हणून अर्धा टक्का म्हणजे ५ रुपये कापले, इन्कम टॅक्सचा ०.१ टक्का म्हणजे साधारण १ रुपया कापला, आणि तुमच्या खात्यात आले ८०८. जीएसटीच्या रिटर्नमध्ये मात्र विक्री १,००० आणि टॅक्स ५० च दाखवायचा. साइट पण स्वतःच्या रिटर्नमध्ये सरकारला पूर्ण विक्री कळवते, त्यामुळे तुमचा आकडा कमी दिसला की नोटीस येते. मागच्या वर्षी एक जोडपं माझ्याकडं असंच रडवेलं होऊन आलं होतं, त्यांनी दीड वर्ष जमा रकमेवरच रिटर्न भरली होती.

पण यात तुमचा फायदा पण आहे. त्या २३६ मधल्या ३६ चं क्रेडिट मिळतं, ते भरायच्या जीएसटीतून वजा होतात, म्हणजे ५० मधले १४ उरले, टीसीएसचे ५ पोर्टलवर जाऊन स्वीकारले की कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात, येतात, उरले ९. कारागिराने जीएसटीचं बिल दिलं असेल तर त्याचं क्रेडिट वेगळं. मित्राच्या सल्ल्याने गेलात तर साधारणपणे ही क्रेडिटं पण कुणी मागत नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. इन्कम टॅक्सचा तो एक रुपया, त्या साइटवरची विक्री वर्षाला ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलं असेल तर कापत नाहीत.

माल साइटच्या गोदामात ठेवणार असाल तर आधी विचारून घ्या कुठल्या. भिवंडीत असेल तर याच जीएसटी नंबरात जादा जागा म्हणून टाकायचं, बंगळूरला असेल तर कर्नाटकचा वेगळा नंबर. आणि आता पगार असला तरी इन्कम टॅक्स रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालणार नाही. सोप्या पद्धतीने जायचं तर प्रिझम्प्टिव्ह (अंदाजित नफ्याच्या) स्कीममध्ये डिजिटल पेमेंटच्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरून आयटीआर-४ भरता येतं, त्यातला अ‍ॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकदाच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तिच्या भागात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे चार जिल्हे येतात. रेक्झिनच्या चपलेला 'ओरिजिनल कोल्हापुरी' लिहून विकू नका, तो गुन्हा पण आहे आणि त्या कारागिरांच्या पोटावर पाय पण. फोटोतल्यासारखा माल निघाला नाही किंवा खराब निघाला तर परत घ्यावाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं स्पष्ट आहे, आणि तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन दुकानासाठी जीएसटी घेतला, विक्री झालीच नाही म्हणून एक पण रिटर्न भरलं नाही. आता? — एक वाचक, नाशिक

उत्तर : विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरायचंच असतं. उशिराची फी शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये, पण एका रिटर्नला ५०० च्या वर जात नाही, त्यामुळे रक्कम वाटते तेवढी मोठी नसेल. आधी पोर्टलवर बघा नंबर चालू आहे की खात्यानेच रद्द केलाय, रिटर्न नसली की ते करू शकतात. चालू असेल तर सगळी रिटर्न भरा आणि धंदा करायचा नसेल तर रद्द करायचा अर्ज टाका. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरायचं, ते बहुतेक जण विसरतात आणि त्याची फी दिवसाला २०० आहे. तीन वर्षं उलटली की जुनं रिटर्न पोर्टल घेतच नाही, तुमच्या हातात अजून वेळ आहे, या आठवड्यातच बसा.