मॉर्मन पंथ पाश्चात्त्य गूढविद्येतून जन्मला का?

मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाचे मूळ पाश्चात्त्य गूढविद्येत, म्हणजे जादू, किमया, गुप्त दीक्षा यांच्या युरोपीय परंपरेत आहे, हे म्हणणे कितपत खरे, असे आपण विचारले आहे. आचार आणि तत्त्वविचार यांचा वेगवेगळा विचार करावा, असे मला वाटते. आचारांच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे, तत्त्वविचाराच्या बाबतीत बराचसा तर्कच आहे.

संस्थापक जोसेफ स्मिथ न्यूयॉर्क राज्यात पाल्मायराजवळ वाढले. विशिष्ट खड्यात पाहून गुप्तधन शोधण्याची रीत तेथील शेतकऱ्यांत होती (आपल्याकडे हा मान पायाळू माणसाला मिळे), आणि याच उद्योगावरून १८२६ मध्ये स्मिथ यांना न्यायाधीशापुढे उभे राहावे लागले. पुढे १८३० मध्ये छापलेल्या मॉर्मन ग्रंथाचा, म्हणजे पंथाच्या पवित्र ग्रंथाचा मजकूर सांगताना ते असाच खडा टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून बसत, असे त्यांच्या निकटवर्तीयांनीच नोंदवले आहे. स्वतः मॉर्मन चर्चने २०१५ मध्ये त्या खड्याचे छायाचित्र प्रसिद्ध केल्यामुळे तो वाद आता संपल्यासारखा आहे.

फ्रीमेसनरीचा, म्हणजे गुप्त विधी असलेल्या पुरुषांच्या बंधुसंघटनेचा धागा त्याहून ठळक आहे. इलिनॉयमधील नावू येथे मार्च १८४२ मध्ये स्मिथ मेसन झाले आणि ४ मे रोजी, म्हणजे अवघ्या सात आठवड्यांत, त्यांनी 'एंडाउमेंट' हा दीक्षाविधी सुरू केला. हस्तसंकेत, शपथा आणि विधीतील वस्त्र यांतले साम्य त्यांच्या सहकाऱ्यांनाही जाणवले होते. तरीही याला निव्वळ नक्कल म्हणणे मला पटत नाही. मेसनांच्या विधीतली कथा शलमोन राजाचे मंदिर बांधणाऱ्या हिरामची, तर येथे आदम आणि हव्वेची आहे, आणि मेसनांच्या लॉजमध्ये (स्थानिक शाखेत) प्रवेश नसलेल्या स्त्रियांना १८४३ पासून ही दीक्षा मिळू लागली.

मनुष्य देवपदाला पोहोचू शकतो, या शिकवणीचे मूळ हर्मेटिक परंपरेत (हर्मिस या पौराणिक ज्ञान्याच्या नावावरील प्राचीन गूढ ग्रंथांच्या परंपरेत) असल्याचे इतिहासकार जॉन ब्रुक यांनी १९९४ मध्ये मांडले. मांडणी आकर्षक आहे. पण स्मिथ यांनी हर्मेटिक ग्रंथ वाचल्याचा थेट पुरावा तीत नाही, आणि केवळ साम्यावरून वंशावळ काढता येत नाही.

या विषयावरचे जुने लेखन वाचताना एक सावधगिरी बाळगावी. स्मिथ यांच्या दर्शनात देवदूताऐवजी पांढरा सॅलॅमँडर (जादूच्या समजुतींतला पालीसारखा प्राणी) आणणारे जे पत्र १९८४ मध्ये गाजले, ते मार्क हॉफमन याने बनवलेले होते. बनवेगिरी उघडकीस येऊ नये म्हणून त्याने १९८५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत बाँबने दोघांचे प्राण घेतले. त्या पत्रावर बेतलेले कोणतेही विवेचन सरळ बाजूला ठेवावे.