विचारा काकांना : नरसिंह रावांचा बीपी, रुपया आणि रामटेक

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडचे एक आजोबा रोज ज्वेलच्या तळ्यावर फिरायला येतात आणि बाकावर बसून ठासून सांगतात की बाबरी पडत होती तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव पूजेला बसले होते आणि सगळं पडल्यावरच उठले. दुसरे एक जण म्हणतात साफ खोटं, त्यांचा बीपी वाढला होता, डॉक्टरनेच सांगितलंय. परवा दोघं हमरीतुमरीवर आले. खरं काय धरायचं?
– एक वाचक, नेरूळ

आजोबांना माझा नमस्कार सांगा. गोष्ट झकास आहे पण ती आली कुठून ते बघा. पत्रकार कुलदीप नय्यरांनी लिहिली, तीही आपल्या समाजवादी मधु लिमयांच्या हवाल्याने, म्हणजे नय्यर तिथे नव्हते, लिमयेही नव्हते, त्यांनाही दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं. रावांच्या घरच्यांनी ती नाकारली. असल्या कर्णोपकर्णी आलेल्या गोष्टी लोकांना आवडतात कारण डोळ्यासमोर लगेच चित्र उभं राहतं, घंटा वाजतेय, उदबत्ती लागलीय आणि तिकडे घुमट कोसळतोय.

डॉक्टरची गोष्ट मात्र खुद्द डॉक्टरने सांगितलेली आहे. के. श्रीनाथ रेड्डी, एम्सचे हृदयरोगतज्ज्ञ, ते रावांची तब्येत बघायचे, कारण रावांची १९९० साली ह्यूस्टनला बायपास झालेली. ६ डिसेंबर १९९२, रविवार. सकाळी तपासून आले तर सगळं नॉर्मल. मग दुपारी घरी टीव्हीवर घुमट पडताना बघितला आणि यांच्याच पोटात गोळा आला, की आपला पेशंट म्हणजे आधीच दुरुस्त केलेलं हृदय, आता काय होतंय कुणास ठाऊक, म्हणून तडक परत पंतप्रधानांच्या घरी. तर नाडी धावतेय, बीपी चढलाय, गोळीचा जादा डोस द्यावा लागला. रेड्डींचं म्हणणं असं की माणूस तोंडाने नाटक करू शकतो पण नाडीला नाटक जमत नाही, राव आतून खरंच हादरले होते.

मी डॉक्टरवर विश्वास ठेवतो. पण म्हणून तुमच्या त्या दुसऱ्या गृहस्थांनी लगेच जिंकल्यासारखं करू नये, कारण बीपीने रावांची सुटका होते ती एकाच आरोपातून, की त्यांना हे मनातून हवंच होतं. दुसरा आरोप आहे तिथेच आहे. उत्तर प्रदेशच्या कल्याण सिंह सरकारने सुप्रीम कोर्टात आणि राष्ट्रीय एकात्मता परिषदेत शब्द दिला की मशिदीला धक्का लागू देणार नाही, त्यावर राव विसंबून राहिले, राष्ट्रपती राजवट आधी लावली नाही, केंद्राच्या तुकड्या अयोध्येच्या जवळ असून नसल्यासारख्या. राव म्हणायचे कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय, कोर्टात शब्द दिलेलं सरकार काही घडायच्या आधीच कसं बरखास्त करणार. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही हो, पण अख्खा देश धास्तावलेला असताना देशाच्या पंतप्रधानाने एवढ्यावर गप्प बसायचं? त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत जी दंगल झाली तिच्यात श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना रावांची नाडी किती होती याच्याशी काय देणंघेणं.

तेव्हा दोघांनाही सांगा, भांडायचंच असेल तर ५ डिसेंबरपर्यंत काय केलं नाही यावर भांडा, ६ तारखेला दुपारी घरात काय चाललं होतं यावर नको.

प्रश्न : काका, माझे वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, नव्वदच्या दशकात कंपनी बंद पडली. मनमोहन सिंगांचं नाव काढलं की ते तडकायचे पण रावांबद्दल चकार शब्द नाही. १९९१ च्या त्या आर्थिक सुधारणांत रावांचा खरंच काही हात नव्हता का?
– एक वाचक, किसननगर, ठाणे

हात नव्हता? अहो, उद्योग खातंच त्यांच्याकडे होतं! २४ जुलै १९९१. संध्याकाळी मनमोहन सिंगांचं बजेट, सगळ्यांचे कान तिकडे, आणि त्याच दिवशी त्याच्या काही तास आधी नवीन उद्योग धोरण संसदेत ठेवलं गेलं, १८ उद्योग सोडले तर बाकी सगळ्यांना लायसन्स घ्यायची अटच रद्द. एवढी मोठी गोष्ट, आणि मांडली कोणी तर राज्यमंत्री कुरियन यांनी. खात्याचे मंत्री म्हणजे राव स्वतः, पण ते मागेच राहिले. बोलबाला झाला बजेटचा, शिव्याही बजेटला. तुमचे वडील एकटेच नाहीत, भलेभले फसले.

आणि ही नुसती लाजाळू माणसाची सवय होती असं समजू नका. १ जुलैला रुपयाची किंमत एकदा खाली आणली, ३ तारखेला दुसरा टप्पा ठरलेला. पहिल्यावर ओरड झाली आणि रावांचे पाय लटपटले, मनमोहन सिंगांना म्हणाले दुसरा टप्पा थांबवा. त्यांनी रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावला तर तिकडून उत्तर आलं की झालं, जाहीर करून टाकलं! लोकांना हे कळलं कितीतरी वर्षांनी. मला नेत्याची अशी पडद्यामागची माहिती कामाची वाटते, जेवायला काय आवडायचं आणि किती वाजता उठायचे यापेक्षा, कारण एवढ्यावरून कळतं की सुधारणांचा धाडसी शिल्पकार वगैरे जे आज बोललं जातं तो माणूस त्या आठवड्यात चांगलाच टरकला होता. पण एकदा झालं म्हटल्यावर मागे फिरला नाही, हेही त्याच्याच खात्यात जमा करा.

बाकी वागळेतल्या कंपन्या बसल्या त्याला एकच कारण नाही, जागेचे भाव, जुनी मशीनं, बाहेरचा माल, युनियनची भांडणं, सगळं एकदम अंगावर आलं. पण दारं उघडायचा निर्णय शेवटी पंतप्रधानाचाच. तेव्हा रागाचा निम्मा वाटा रावांच्या नावावर टाकायला हरकत नाही.

प्रश्न : राव मराठी बोलायचे म्हणे, खरं का?
– एक वाचक, घंटाळी, ठाणे

अस्खलित. वंदे मातरमच्या चळवळीपायी उस्मानिया विद्यापीठातून काढलं आणि नागपूरला शिकायला आले. नुसतं बोलणंच नाही, हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत आणली. आपल्यातल्या कितीजणांनी ती मराठीत तरी पूर्ण वाचलीय, मला विचारू नका, मी उत्तर देणार नाही.

१९८४ ला लोकसभेला तेव्हाच्या आंध्रातलं हणमकोंडा आणि आपलं रामटेक दोन्हीकडून उभे होते. तिकडे पडले, इकडे निवडून आले. ८९ लाही रामटेकच. ९१ ला उभेच राहिले नाहीत, पुस्तकं बांधून हैदराबादला निघायच्या तयारीत होते, आणि राजीव गांधींच्या हत्येनंतर पंतप्रधान झाले तेव्हा लोकसभेचे खासदारसुद्धा नव्हते, नोव्हेंबरात नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून आत आले. तब्येतीने जरा साथ दिली असती आणि रामटेक तिसऱ्यांदा लढवलं असतं तर विदर्भाच्या नावावर एक पंतप्रधान लागला असता. थोडक्यात हुकलं.