टोयोटाच्या हायलक्स पिकअपला २ इंच लिफ्ट केलीत, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच केलीत, आता टायर कोणता?
आधी व्यास मोजा. १७ इंची रिमवरचा मूळ २६५/६५ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के) साधारण ७७६ मिमीचा, २८५/७० घातला तर ८३१. म्हणजे ७ टक्के मोठा: मीटर कमी वेग दाखवणार, कसारा घाट चढताना गाडी जड वाटणार, उतरताना ब्रेकवर ताण. आणि गाडीखालची मोकळी उंची वाढते जेमतेम २७ मिमी! २६५/७० पुरे, त्र्यंबककडच्या चिखलात रुंदीपेक्षा टायरवरच्या खाचांची नक्षी कामाला येते.

लिफ्टमुळे टायर घासत नाही, हा गैरसमज. स्प्रिंग पूर्ण दबली की चाक जवळपास पूर्वीइतकंच वर येतं. म्हणून एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघा. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बसण्याच्या पृष्ठभागाचं मिमीतलं अंतर, मूळ +३० च्या आसपासच ठेवा. त्याच रुंदीची रिम शून्यावर नेलीत तर चाक ३० मिमी बाहेर जातं, मडगार्डला घासतं, बेअरिंगही लवकर जातात.