रेफरलच्या आधी ओळख

नोकरी शोधताना अनोळखी माणसाला थेट रेझ्युमे पाठवून ‘सर, रेफरल द्या’ म्हणू नकोस. रेफरल म्हणजे कंपनीत काम करणाऱ्याने तिथल्या जागेसाठी केलेली तुझी शिफारस. रेफरल देणारा स्वतःचा शब्द पणाला लावतो. तुझं काम न पाहता तो ते का करेल?

सुरुवात कॉलेजच्या सीनियरपासून कर. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे शहर आणि कंपनी निवडून दोन ते सात वर्षं अनुभवाची माणसं शोध. तुझ्या पातळीची मुलाखत त्यांनी अलीकडेच दिलेली असते.

निरोप दोन-तीन ओळींचा असू दे: तू कोण, त्यांचं नेमकं काय वाचलंस, आणि एकच प्रश्न. ‘मार्गदर्शन करा’ याला कोण काय उत्तर देणार? ‘टेस्टिंगमधून डेटा इंजिनिअरिंगकडे वळताना एसक्यूएलनंतर काय शिकलात?’ याला सहज देता येतं.

पंधरा मिनिटं मागितलीस तर चौदाव्या मिनिटाला तूच आवरतं घे. आभार त्याच दिवशी. खरं काम त्यानंतरचं: सांगितलेलं करून बघ आणि तीन-चार आठवड्यांनी त्या कामाची गिटहबवरची (कोड ठेवायची वेबसाइट) लिंक पाठव. बहुतेक ओळखी इथेच सुकतात, कारण सल्ला घेणारा पुन्हा फिरकतच नाही. उत्तर आलं नाही, तर दहा दिवसांनी एकदाच आठवण कर.

रेफरल मागताना जॉब आयडी (जाहिरातीतला त्या जागेचा क्रमांक), रेझ्युमे आणि त्या कामाला तू का योग्य आहेस याच्या तीन ओळी तयार दे. आधी स्वतः अर्ज करू नकोस. अनेक कंपन्यांत त्यानंतर रेफरल नोंदवताच येत नाही.