गरम पोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोनच वाक्यं होती. ‘इन्सुलिन नियमित घेत नाहीत. समजावून सांगावे.’

चिठ्ठी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या सुमनताई. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) वय 51. मधुमेहाला 11 वर्षं झालेली, वर्षभरापासून दोन वेळा इन्सुलिन आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 10.2, बरीच जास्त. खुर्चीत टेकल्या आणि त्यांनीच विचारलं, “मॅडम, मला डिप्रेशन आलंय का हो? कळतं सगळं, पण हातून होत नाही. रिपोर्ट हातात आला की रडूच कोसळतं.”

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुणी “मन लागत नाही” म्हणतं, कुणी “जीव नकोसा झालाय या पथ्यानं” म्हणतं. पण खाली भीती तीच असते, की शुगरबरोबर आता डोकंही बिघडलं की काय.

पहिल्या भेटीत मी चूक केली. डोळे, किडनी, पाय, सगळं समजावून सांगितलं. आहाराचा तक्ता दिला. त्या “हो मॅडम, बरोबर आहे” म्हणत राहिल्या आणि मग दीड महिना फिरकल्याच नाहीत. 11 वर्षं जे जो तो सांगत होता, तेच मी आणखी एकदा सांगितलं होतं.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी एकच गोष्ट विचारली. “काल दिवेलागणीपासून झोपेपर्यंत काय काय केलंत, तेवढं सांगा.”

साडेसातला सासूबाईंना दूध-भाकरी कुस्करून दिली. साडेआठला मुलगा आणि सून कामावरून आले, त्यांना वाढलं. दुकान बंद करून नवरा यायला साडेनऊ. “ह्यांना तव्यावरचीच पोळी लागते.” मग मागचं आवरणं, ओटा पुसणं. स्वतःचं ताट सव्वादहाला.

“आणि इन्सुलिन?”

त्या गप्प झाल्या. मग हळूहळू सांगितलं. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठला सुई घ्यायच्या. जेवणाआधी अर्धा तास, हे पक्कं लक्षात होतं. फक्त त्यांचं जेवण अर्ध्या तासात कधीच होत नव्हतं. नवाच्या सुमाराला ओट्यापाशी उभं असताना दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, लाटणं हातातून निसटायचं. डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकून त्या पुढची पोळी लाटायच्या. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्या खाली फरशीवरच बसल्या होत्या. सून पाणी प्यायला आत आली आणि हातातला गूळ बघून म्हणाली, “आई, परत गोड?”

त्या रात्रीपासून त्यांनी रात्रीची सुई बंद केली. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं की “घेते” म्हणायच्या.

चिठ्ठीतलं वाक्य खरं होतं, पण अर्धंच होतं. इन्सुलिन वेळेवर काम सुरू करतं, पोटात अन्न नसलं तरी थांबत नाही. शुगर 70 च्या खाली आली की घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड हे सगळं शरीर मदतीसाठी मारत असलेली हाक असते. सुमनताईंना त्याचं नावही (हायपोग्लायसेमिया, म्हणजे शुगर फार कमी होणं) कुणी सांगितलं नव्हतं. निष्काळजीपणा कसला, त्या आपल्या परीनं स्वतःला वाचवत होत्या.

“तुम्ही आधी का जेवत नाही?” या माझ्या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. “घरातला माणूस उपाशी असताना मी ताट वाढून घेऊ?”

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे. मधुमेह सांभाळून सांभाळून येणारा थकवा, भीती, अपराधीपणा यांना डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. 1995 मध्ये अमेरिकेत यासाठी 20 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात 100 पैकी 40 किंवा जास्त गुण म्हणजे हा ताण बराच आहे. सुमनताईंचे 65 आले. पण त्या नातवाच्या फोननं खुलत होत्या, मालिका बघत होत्या, झोप बरी होती. रडू यायचं ते शुगरच्या विषयावरून. डिप्रेशनचं सावट शुगरपुरतं राहत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असतं, आवडीच्या गोष्टीही नकोशा होतात, झोप-भूक बिघडते, मरणाचे विचार येतात. असं काही जाणवलं तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलि-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. काही जणींना डिस्ट्रेस आणि डिप्रेशन दोन्ही असतात, म्हणून स्वतःच निदान करून मोकळं होऊ नये.

पुढच्या भेटींमध्ये आणखी गाठी सुटल्या. शुक्रवारचं भजनी मंडळ त्यांनी सोडलं होतं. प्रसादाच्या वेळी एक जण दर वेळी मोठ्यानं म्हणायची, “सुमनला नको गं, तिला शुगर आहे.” चारचौघींत ताट पुढे सरकायचं. बोलणारीच्या मनात वाईट नसेलही, पण 20 वर्षं आवडीनं गाणारी बाई त्या एका वाक्यापायी घरी बसली.

आणि एकदा दाराशी गेलेल्या त्या परत आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, “खाली फार खाज असते. कितीही धुतलं तरी. मी वेगळ्या खोलीत झोपते.” दोन वर्षं त्या हे सहन करत होत्या. आपण अस्वच्छ आहोत असं त्यांना वाटत होतं आणि नवऱ्याला वाटत होतं की बायकोचं मन उडालंय. रक्तातली शुगर सतत जास्त राहिली की लघवीतून साखर जाते आणि बुरशीला खतपाणी मिळतं. यात स्वच्छतेचा दोष नाही आणि यावर औषध आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, बऱ्याच अंशी आराम पडला. मैत्रिणींनो, हे डॉक्टरांना सांगा. तोंडानं सांगता येत नसेल तर कागदावर लिहून द्या.

डॉक्टरांनाही मी सगळं कळवलं. बंद केलेली सुई आपल्या मनानं परत सुरू करायची नसते. डोस आणि वेळ त्यांनी नव्यानं ठरवून दिली.

मग घरच्यांना बोलावलं. मी ‘आधी सुमनताईंनी जेवायचं’ म्हटल्यावर नवरा म्हणाले, “मी कधी नको म्हटलं?” त्यांनी नको म्हटलं नव्हतं हे खरं, पण “तू जेवून घे” असंही कधी म्हटलं नव्हतं. गुळाची खरी गोष्ट कळली तेव्हा सुनेचे डोळे भरून आले. वाट सापडली ती मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंमुळे. त्या म्हणाल्या, “मी एकटीच जेवते की साडेसातला. माझ्याबरोबर बसत जा.” सासूबाईंच्या पंगतीला बसायचं म्हटल्यावर कुणाच्या आधी जेवल्याचा सल उरत नव्हता.

सगळ्यांना एक गोष्ट पाठ करून दिली. घाम-थरथर दिसली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, 15 मिनिटांनी शुगर परत बघायची, कमीच असेल तर पुन्हा द्यायची, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. लग्नसराईत पुन्हा दोन-तीनदा सुई चुकली. नवऱ्यानं महिनाभर थंड पोळीवरून तोंड वाकडं केलं, मग स्वतःच तवा तापवायला शिकले. सहा महिन्यांनी एचबीएवनसी 8.3 आला. अजून खाली यायला हवाय. पण या वेळी रिपोर्ट त्यांनीच वाचून दाखवला, डोळ्यांत पाणी न आणता.

मी पुढची तारीख देत होते, शुक्रवारची.

“शुक्रवार नको मॅडम,” त्या म्हणाल्या, “भजन असतं.”