गाडी तुमच्या ताब्यात, आरसी दुसऱ्याच्या नावावर

प्रश्न : ऑफिसला जाण्या-येण्यासाठी आठ महिन्यांपूर्वी मी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून लहान पेट्रोल हॅचबॅक घेतली. सगळे पैसे बँकेतून दिले. त्याने चावी, आरसी आणि जुन्या मालकांच्या सह्या असलेले कोरे फॉर्म हातात ठेवले आणि ‘महिन्याभरात नावावर होईल’ म्हणाला. अजून काही झालेलं नाही. आरसीवर जुन्या मालकांच्या कर्जाचा बोजाही तसाच आहे. तीन महिन्यांपूर्वी सिग्नलला माझ्या गाडीचा धक्का लागून एक स्कूटरस्वार पडले, त्यांचं मनगट मोडलं. त्यांनी भरपाईचा दावा लावला आहे. त्यात जुन्या मालकांनाही नोटीस गेली, आणि ते मला सतत फोन करून रागावतात. विमा त्यांच्याच नावावर चालू होता, पण कंपनी माझ्या बंपरचा आणि हेडलाइटचा खर्च द्यायला तयार नाही. ही गाडी नक्की कोणाची? विकून टाकून दुसरी लहान गाडी घ्यावी का?

उत्तर : ताई, विकायचा विचार आज बाजूला ठेवा. तुमच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे आरसीवर तुमचं नाव नाही. ते चढेपर्यंत गाडी विकायला काढलीत, तर आणखी एक माणूस याच गुंत्यात अडकेल.

गाडी कोणाची, याची कायद्यात दोन उत्तरं आहेत. गाडी ही जंगम मालमत्ता. वस्तुविक्री कायदा, 1930 प्रमाणे पैसे दिले, ताबा घेतला आणि व्यवहार पुरा करण्याचा दोघांचा हेतू होता, की मालकी तुमच्याकडे आली. त्यासाठी आरटीओची नोंद लागत नाही. पण अपघाताची जबाबदारी ठरवताना भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 2(30) बघतं, आणि तिथे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. ती गाडीही मारुती 800, म्हणजे लहान हॅचबॅकच होती. रिव्हर्स घेताना तिने पायी चाललेल्यांना धडक दिली. मधल्या काळात ती एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्या माणसाच्याच नावावर राहिली होती. न्यायालयाने जबाबदार धरलं ते त्यालाच. जखमी माणसाने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही, असं त्यामागचं कारण. मला ते योग्य वाटतं.

म्हणून जुन्या मालकांच्या रागाला रागाने उत्तर देऊ नका. त्यांची भीती खरी आहे. शिवाय पुढच्या प्रत्येक पायरीला तुम्हाला त्यांची सही किंवा त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागू शकतो. चूक त्यांचीही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे त्याच राज्यातली विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. तुम्हा दोघांचीही मुदत टळली आहे. उशिराचा दंड भरून हे दुरुस्त होतं, त्याची धास्ती नको.

आता दावा. गाडी तुम्ही चालवत होतात, त्यामुळे निष्काळजीपणा सिद्ध झाला तर जबाबदारी तुमच्यावरही येते. तरी घाबरू नका. कलम 157 प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की विमाही आपोआप नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं, त्यामुळे ‘आम्हाला विक्री कळवली नाही’ एवढ्या कारणावर कंपनी त्या स्कूटरस्वाराची भरपाई टाळू शकत नाही. तुमचा परवाना त्या दिवशी वैध होता ना, हे मात्र आजच काढून बघा.

बंपर-हेडलाइटच्या बाबतीत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. हा आपोआप बदल फक्त थर्ड पार्टीपुरता, म्हणजे समोरच्या माणसाच्या भरपाईपुरता आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनीशी तुमचा करार असावा लागतो, आणि तो नव्हता. ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसंच ठरवलं आहे. तो खर्च विक्रेत्याकडून मागता येईल, कारण नाव चढवण्याची हमी त्याची होती. पॉलिसी नावावर करून घ्यायची तरतूद 14 दिवसांची आहे. ती मुदत गेली असली तरी आता लेखी अर्ज द्याच. जुन्या मालकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळणार नाही, तो त्यांच्याकडेच राहतो.

सगळ्यात नाजूक गोष्ट बोजाची. कलम 51 प्रमाणे कर्ज देणाऱ्या बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलूच शकत नाही. जुन्या मालकांना एकच विचारा: कर्ज फिटलंय का? फिटलं असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवणं हे कागदी काम आहे. फिटलं नसेल, आणि विक्रेत्याने तुमच्या पैशातून ते फेडायचं कबूल करून फेडलं नसेल, तर प्रकरण गंभीर आहे. बँक गाडी ओढून नेऊ शकते. अशा वेळी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार करायला कचरू नका.

विक्रेत्याला वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा. त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का, हे तिच्यात विचारा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नवे नियम आहेत: अधिकृत विक्रेत्याकडे गाडी दिल्याचं सरकारी पोर्टलवर कळवलं, की मधल्या काळात तो विक्रेताच मालक मानला जातो. तुमच्या विक्रेत्याने हे नियम पाळलेच नसतील, तर ग्राहक आयोगात हा मुद्दा तुमच्या बाजूने बोलेल. तक्रार दोन वर्षांच्या आत आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. बँक खात्याचा उतारा, पावती, ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ अशी त्याची व्हॉट्सॲप उत्तरं जपून ठेवा. फोन बदलू नका आणि चॅट पुसू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली, चॅट पुरावा म्हणून देताना जोडायचं प्रमाणपत्र देताना मूळ फोन तुमच्याकडे असलेला बरा.

पुढे कधी दुसरी लहान गाडी घ्याल तेव्हा मायलेज आणि पिकअप बघण्याआधी बॉनेट उघडा. चेसिसवर कोरलेल्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटेल. नाव बदलण्याच्या अर्जासाठी, म्हणजे फॉर्म 30 साठी, ती लागतेच. ती आरसीशी एकेक अक्षर जुळवा. अक्षरांभोवती वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. शहरात पैसे वाचतात म्हणून अनेक हॅचबॅकना मागाहून सीएनजी किट बसवलेलं असतं. डिकीत सिलिंडर आहे आणि आरसीवर इंधन फक्त पेट्रोल, अशी गाडी घेऊ नका. आग लागली तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. नोंदणीची 15 वर्षं कधी संपतात आणि किती ई-चलनं थकली आहेत, हेही बघा. आणि नाव चढेपर्यंत पैशांचा शेवटचा हप्ता हातात राखून ठेवा. विक्रेत्याला घाई करायला लावणारं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

न्यायाधिकरणाची पुढची तारीख मात्र चुकवू नका, नाहीतर तुमच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होईल. विमा कंपनी दाव्यात पक्षकार आहे का ते पाहा. नसेल तर वकिलांना तसा अर्ज द्यायला सांगा. त्या स्कूटरस्वारांची विचारपूस जरूर करा, पण कंपनीला न विचारता बाहेरच्या बाहेर तडजोडीची रक्कम देऊ नका किंवा चूक कबूल करणारं काही लिहून देऊ नका. पॉलिसीच्या अटींत त्याला मनाई असते.